टीव्ही नवा, चित्र मात्र धुरकट?
(फेडरेशनच्या मासिक सभेत केलेलं भाषण)



हप्ते झाले, वसुली झाली. आता दहा मिनिटं टीव्हीवर बोलणार आहे. हसू नका! अंतर्गत कर्जातून टीव्ही घेणाऱ्या आपल्याकडे आता बऱ्याच जणी आहेत, म्हणून हा विषय गटाचाच आहे.

एका ताईंनी गटातून कर्ज काढून ३२ इंची टीव्ही घेतला. खोक्यावर ठळक ‘एचडी’. घरी लावला तर चित्र जुन्या डबा टीव्हीपेक्षा धुरकट. घरात बोलणी सुरू, “गटाचे पैसे पाण्यात घातले.” दुकानदार म्हणाला, हा परत करून मोठा घ्या, वरचे पैसे भरा. ताई मला विचारायला आल्या, आणखी कर्ज मिळेल का? मी म्हटलं, आधी टीव्ही तर बघू.

टीव्हीत दोष नव्हताच. टीव्ही आलेलं चित्र फक्त दाखवतो. साध्या चॅनेलचं चित्र ५७६ आडव्या ओळींचं, एचडीचं बहुतेक वेळा १०८० ओळींचं. छोट्या पडद्यावर ५७६ ओळी खपून जात होत्या. मोठ्या पडद्यावर तेच चित्र ताणलं जातं, पाहुणे वाढले म्हणून वरणात पाणी घालावं तसं.

मग आम्ही टीव्ही वळवून मागं बघितलं. सेट टॉप बॉक्स एचडीच होता, पण जोडला होता पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरीनं. त्या वायरीतून एचडी चित्र येतच नाही. त्याला चपट्या तोंडाची एचडीएमआय केबल लागते. ती केबल कुठं होती माहितीय? बॉक्सच्या खोक्यात, माळ्यावर, प्लास्टिकसुद्धा न काढलेली!

केबल लावली, रिमोटवरचं ‘सोर्स’ दाबून ‘एचडीएमआय १’ निवडलं. बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्र १०८० वर ठेवलं. थोडा फरक पडला, पण मनासारखा नाही. कारण ताई चॅनेल साधंच लावत होत्या. त्याच चॅनेलचं एचडी वेगळ्या नंबरवर असतं आणि त्याचे पैसे सहसा जास्त लागतात. सगळा एचडी पॅक घ्यायची गरज नाही. २०१९ पासून ट्रायच्या नियमानं एकेक चॅनेल सुटं निवडता येतं. ताईंनी मालिकांचं एकच घेतलं. मोठ्या टीव्हीचं आणि कर्जाचं नाव मग निघालंच नाही.

फ्री डिशवाल्यांनो, तुम्हाला महिन्याचं भाडं नाही, पण तिथली बहुतेक चॅनेलं साधीच आहेत आणि जुन्या साध्या बॉक्सवर एचडी दिसत नाही. तिथं महागडी केबल घेऊन उपयोग नाही.

आणखी एक. चित्र नुसतं धुरकट असेल तर छत्रीवाल्याला बोलावू नका. छत्री हलली किंवा सिग्नल कमी पडला तर चित्राचे चौकोनी तुकडे होतात, अडकतं, आवाज तुटतो. तेव्हा छत्री बघायची. नाहीतर तो येतो, छत्री इकडची तिकडे करतो आणि पैसे घेऊन जातो.

टीव्ही घेताना पावती आणि वॉरंटी कार्ड मागून घ्या, कर्जाच्या कागदांसोबत ठेवा. दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

सभा झाल्यावर मी थांबणार आहे. ज्यांच्या मोबाईलमध्ये टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो असेल त्यांनी दाखवा. नसेल तर पुढच्या सभेला काढून आणा.