पऱ्हाटी, कुटार आणि धिंगरी
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



पावसाळ्यात वारुळावर सात्या उगवतात. त्यांच्यासाठी पहाटेच रानात जाणारी माणसं या सभेत बरीच असतील. सात्या वाळवीच्या घरट्यावरच वाढतात, घरी लावता येत नाहीत. धिंगरी अळिंबी मात्र घरी येते. तिला शेत लागत नाही. काडी, पाणी आणि सावलीची एक खोली एवढ्यावर भागतं.

जपानात शिताके नावाची अळिंबी ओकच्या ओंडक्यांना भोकं पाडून, त्यांत बी भरून घेतात. फळाला वर्ष-दीड वर्ष वाट पाहावी लागते. आपल्याकडे तसला गारवा नाही आणि तेवढा दमही नाही. तो नाद सोडू.

आपल्याकडे पऱ्हाटी आहे. ती चुलीत जाते, नाहीतर बांधावर जळते. रचून ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आयतं घर. तिच्या चुऱ्यावर धिंगरी येते हे सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संस्थेनं दाखवलं आहे. पण चुरा यंत्राशिवाय होत नाही. यंत्र नसेल तर सोयाबीनचं कुटार घ्या. कडब्यावरही येते, पण कडबा आधी बैलाचा. जनावराच्या तोंडचा घास पिशवीत भरू नका.

कुटार रात्रभर भिजवा. मग ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा. निथळू द्या. मुठीत दाबलं तर ओल लागावी, पाणी गळू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक थर कुटार, एक थर बी असं भरा. ओल्या १० किलोला २०० ग्रॅम बी पुरतं. तोंड बांधा, भोकं पाडा, अंधारात टांगा. पंधरा-वीस दिवसांत आत पांढरी जाळी धरते. मग पिशवी फाडून काढा, खोलीत हवा-उजेड येऊ द्या, दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारा. कळ्या दिसल्या की तीन-चार दिवसांत तोडणी. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोन-तीन तोडण्या मिळतात. १० किलो कोरड्या कुटारावर सहा-सात किलो आली तर चांगली म्हणा. जास्त सांगणाऱ्याला त्याची खोली दाखवायला सांगा.

मी पहिल्या खेपेला वीस पिशव्या भरल्या. सरपण वाचवायला गेलो. पाणी नीट तापलंच नाही. आठव्या दिवशी सतरा पिशव्या हिरव्या बुरशीनं भरल्या. घरच्या बाई म्हणाल्या, "सरपण वाचलं, बी गेलं." दुसऱ्या खेपेला पाणी त्यांनीच तापवलं, तेव्हा पीक आलं.

हंगाम पावसाळ्यापासून थंडी सरेपर्यंत. खोली २० ते ३० अंश लागते आणि हवेत भरपूर ओल लागते. एप्रिल-मेचं नाव काढू नका. प्यायचं पाणी टँकरनं येत असताना पिशव्यांवर काय फवारणार?

आता विक्रीचं. कापसाला भाव नसला तर घरात गंजी लावून आठ-पंधरा दिवस वाट पाहता येते. धिंगरी एक रात्रही नीट थांबत नाही. वाळवली तर टिकते, पण १० किलोची एक किलो होते. म्हणून आधी गिऱ्हाईक, मग पिशव्या. आमच्या भागात एक जण आला होता. बी माझं घ्या, माल मीच परत नेतो म्हणाला. बी रोखीनं विकलं. तोडणीच्या वेळी त्याचा पत्ता नव्हता. माल सोयऱ्याधायऱ्यांना वाटला. शेडसाठी कर्ज काढलं नव्हतं म्हणून वाचलो.

आणि बी म्हणजे काय? उकडलेल्या ज्वारीच्या किंवा गव्हाच्या दाण्यावर वाढवलेली बुरशी! आपली ज्वारी मातीमोल जाते आणि तीच पिशवीतून परत आली की भाव विचारायची सोय नाही. बी करायला निर्जंतुक खोली आणि दाबाचं भांडं लागतं, एकट्याचं काम नाही. तालुक्यातल्या चार-पाच गावांनी मिळून ते करता येईल का, हे आज जेवणानंतर बसून बोलू. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचं संशोधन चालतं. दोघांनी तिथं जाऊन शिकून यावं, असं माझं म्हणणं आहे. त्यातली एक बाई असावी, कारण काम शेवटी त्याच करतात.

एक सांगायचं राहिलं. तोडणीला उशीर झाला की छत्रीतून बारीक भुकटी उडते. तिनं खोकला लागतो, दमेकऱ्याला जास्तच. तोंडाला फडकं बांधून खोलीत जा.

मागच्या टेबलावर दोन पिशव्या ठेवल्या आहेत. एक पांढरी, एक हिरवी पडलेली. बाहेरूनच पाहा, हिरवी उघडू नका.