पोटाचा ताळेबंद

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काही जण हसले, ते बरंच झालं. 2015 साली अमिताभ बच्चन यांचा ‘पिकू’ आला, तेव्हाही लोक असेच हसले होते. पण त्यातल्या म्हाताऱ्याचं दुखणं आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. बीपी, शुगर, गुडघे यांवर आपण कट्ट्यावर तासभर बोलतो. कोठा साफ होत नाही, हे मात्र डॉक्टरांनाही सांगत नाही. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी केलेला माणूस. त्यामुळे हिशेबाच्या भाषेत बोलतो: आवक किती, जावक किती आणि मधे अडतं कुठे.

एक लक्षात घ्या, रोज झालीच पाहिजे असा नियम नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही नॉर्मल असू शकतं. खडा होणं, कुंथावं लागणं, जाऊन आल्यावरही साफ न वाटणं, ही बद्धकोष्ठता. मोठं आतडं पाणी शोषून घेतं. मल तिथे जितका जास्त थांबेल तितका कोरडा होतो. म्हणजे आजची थकबाकी उद्या अधिक जड.

ही थकबाकी बऱ्याचदा सकाळीच सुरू होते. उठल्यावर, चहा-नाश्ता झाल्यावर आतड्यांना आपोआप चालना मिळते. नेमकी तीच वेळ सूनबाईंच्या लोकलची आणि नातवाच्या स्कूलबसची. घरात संडास एक. आजोबा म्हणतात, “तुमचं होऊ दे, मला काय घाई आहे?” आजोबांना नसेल, पण आतड्याला असते! आजी तर सगळ्यांचे डबे भरून झाल्याशिवाय जातच नाहीत. अशी हाक रोज टाळली की हळूहळू ती जाणवेनाशी होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातव्या अध्यायाचं नावच ‘नवेगान्धारणीय’ आहे. नैसर्गिक वेग अडवू नयेत, हाच त्याचा विषय. तेव्हा घरातल्या तरुणांना माझी विनंती: सकाळची दहा मिनिटं ज्येष्ठांसाठी राखून ठेवा. आणि ज्येष्ठांनी ती संकोच न करता मागून घ्यावीत.

आता आवक. दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम तंतू पोटात जायला हवेत. 100 ग्रॅम ज्वारीत ते सुमारे 10 ग्रॅम असतात, पांढऱ्या तांदळात जेमतेम 3. कवळी आली म्हणून आपण भाकरी सोडून मऊ भात आणि चहा-बिस्किटावर येतो, तिथे गणित बिघडतं. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खा. पालेभाजी, दुधी, सालीसकट मूग, पपई, रात्री भिजवलेले मनुके, यांना दात लागत नाहीत. मात्र तंतू हळूहळू वाढवा, नाहीतर गॅस धरतो.

तंतूंना पाणी लागतं. रात्री उठावं लागू नये म्हणून काही जण दुपारनंतर पाणीच तोडतात. त्यापेक्षा संध्याकाळपर्यंत बरंचसं पाणी पिऊन घ्या. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल, तर डॉक्टरांनी ठरवून दिलंय तेवढंच. इसबगोल घ्यायचं तर पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर, आणि इतर गोळ्यांपासून अंतर ठेवून. गिळायला त्रास होत असेल तर घेऊच नका. सोनामुखीची चूर्णं आतड्याला ढकलून काम करवतात, ती डॉक्टरांना न विचारता रोज नकोत.

गुडघ्यांमुळे आपण कमोडवर आलो. पायांखाली सहा-आठ इंचांचा न घसरणारा पाट ठेवा, थोडं पुढे वाका, उकिडवं बसल्यासारखं होतं. पेपर आणि मोबाइल बाहेर. जोर करू नका, विशेषतः हृदयरोग्यांनी. आणि कंपाउंडमध्ये रोज फेऱ्या मारा, बाकावरची चर्चा नंतर.

लोह, कॅल्शियम, काही वेदनाशामक आणि बीपीच्या काही गोळ्यांनीही कोठा जड होतो. थायरॉइड कमी असेल तरीही. गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. रक्त पडलं की “मूळव्याध असेल” म्हणून आपण गप्प बसतो. मूळव्याध असेलही, पण आतड्याचा कॅन्सरसुद्धा असाच सुरू होऊ शकतो, आणि लवकर कळला तर उपचार सोपे पडतात. रक्त, काळी शी, कारणाशिवाय घटलेलं वजन, काही आठवड्यांत बदललेली सवय, यांपैकी काही दिसलं तर तपासणी करून घ्या. पोट फुगलंय, उलट्या होताहेत आणि वारासुद्धा सरत नाही, तर घरगुती उपाय न करता थेट हॉस्पिटल गाठा.

पंचवीस वर्षं आपण पाण्याची टाकी, लिफ्ट आणि ड्रेनेज यांवर मीटिंगमध्ये मोकळेपणानं भांडलो. घरच्या माणसांशी या विषयावर तेवढ्याच मोकळेपणानं बोलूया. रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा.