काटकसरीचे शिक्षण : पूर्वी आणि आता
(प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



नासाडी करू नये, हा धडा पूर्वीच्या मुलांना कोणी वेगळा शिकवीत नसे. तो परिस्थितीच शिकवी. पाटीवर लिहावयाचे, पुसावयाचे आणि पुन्हा लिहावयाचे. पाठकोरा कागद सापडला तर तो गणितासाठी जपून ठेवावयाचा. वरच्या इयत्तेत गेलेल्या मुलाची पुस्तके निम्म्या किमतीस घ्यावयाची, अशी रीत होती. थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगावर येई आणि जुन्या लुगड्याची गोधडी होई. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन देशाला केले. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली, त्यांना भाकरीचे मोल निराळे सांगावे लागले नाही.

परंतु टंचाई ही कठोर शिक्षिका होती. तिने काटकसर शिकविली, तशी भीतीही शिकविली. पाटी फुटली म्हणून मार खाणारी आणि पुस्तक नाही म्हणून शाळा सोडणारी मुलेही त्याच काळातील होती. गतकाळाचे गुणगान करताना हे विसरून चालणार नाही.

पुढे दिवस पालटले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी शालेय पोषण आहाराची केंद्रीय योजना सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शाळेत शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला. पाठ्यपुस्तकेही मोफत मिळू लागली. ही प्रगतीच होय. मात्र अनेक घरांतून टंचाई गेली, तसा तिचा धडाही गेला. शाई संपली की पेनच टाकून द्यावयाचे, चार पाने लिहून वही बाजूस सारावयाची, ही सवय मुलांना सहज लागते. म्हणून तो धडा आता शिक्षकांनी विचारपूर्वक द्यावयास हवा.

नुसत्या उपदेशाने हे साधणार नाही, मोजमापाने साधेल. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दररोज १०० ग्रॅम तांदूळ ठरविलेला आहे. शाळेत ६० मुले असतील आणि प्रत्येकाने केवळ १० ग्रॅम तांदळाइतका भात ताटात टाकला, तर ६०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे सहा मुलांचा त्या दिवसाचा वाटा, वाया जातो. हे गणित मुलांनीच फळ्यावर सोडवावे. गळक्या नळाखाली तासभर भांडे ठेवून पाणी मापाने मोजावे आणि चोवीस तासांचा हिशेब मांडावा. भात पिकविण्यासाठी चिखलात उभे राहून लावणी करणारे हात कोणाचे, हेही विचारावे. अनेक मुलांना त्याचे उत्तर घरीच मिळेल.

येथे एक दक्षता अवश्य घ्यावी. काही मुलांचे पोटभर जेवण शाळेतच होते. नासाडीवर कठोर बोलणे ऐकून असे मूल दुसऱ्यांदा वाढून घ्यावयास संकोचले, तर तो संस्कार नव्हे, अन्याय ठरेल. यास्तव प्रथम थोडे वाढावे, हवे त्याने पुन्हा मागावे आणि मागणाऱ्यास आनंदाने वाढावे. ताटात अन्न उरले म्हणून कोणास सर्वांदेखत लाजवू नये. ते का उरले, याची जवळ घेऊन चौकशी करावी. चित्र काढण्यात रमलेल्या मुलास कागद खर्च होतो म्हणून अडवू नये. उपयोगात आलेली वस्तू वाया जात नाही. ती उपयोगाविना टाकणे म्हणजे नासाडी, आणि गरजवंताला नाकारणे म्हणजे कंजूषपणा. या दोहोंमधली वाट काटकसरीची आहे.

मुले शिक्षकांचे बोलणे ऐकतात आणि वागणे उचलतात. खडूचा लहानसा तुकडाही पुरवून वापरणारा, वर्ग सोडताना दिवा-पंखा आठवणीने बंद करणारा आणि भुकेल्या मुलाच्या ताटात आणखी एक वाढणी घालावयास सांगणारा शिक्षक हा धडा न बोलता शिकवील.