राखणीच्या कुत्र्याला हाडाचा कॅन्सर झाला तर

मी तुमची पशुसखी बोलतेय. शेळ्यांचे जंत, कोंबड्यांची लस, गाभण गाईचा खुराक हे आपलं नेहमीचं बोलणं. आज मात्र कुत्र्याबद्दल बोलू. मळ्यातलं, वस्तीवरचं, मेंढरांच्या वाड्यावरचं मोठं कुत्रं. आपण त्याला रात्रीची भाकरी घालतो आणि ते रात्रभर आपली राखण करतं. गेल्या महिन्यात एका ताईंनी निरोप धाडला की, डॉक्टरांनी आमच्या कुत्र्याला हाडाचा कॅन्सर सांगितलाय, मुंबई-पुण्याला नेणं काही होणार नाही, घरच्या घरी काय करू? त्या ताईंसाठी आणि असं कुत्रं दारात असलेल्या सगळ्यांसाठी आजचं बोलणं.

हा रोग लहान कुत्र्यांत क्वचित दिसतो. उंच, वजनदार कुत्र्यांत जास्त. परदेशी जातींत ग्रेट डेन, रॉटवायलर यांना तो बराच होतो, आणि हल्ली या जातींची संकरित पिल्लं खेड्यातही भरपूर आलीत. बहुतेक वेळा कुत्रं सात-आठ वर्षांच्या पुढचं असतं, पण दीड-दोन वर्षांच्या तरण्या कुत्र्यालाही होऊ शकतो. जागा बहुधा ठरलेल्या असतात. पुढच्या पायात मनगटाच्या जरा वर किंवा खांद्याजवळ, मागच्या पायात गुडघ्याच्या वरखाली.

सुरुवात साध्या लंगडण्यानं होते, आणि तिथंच आपण फसतो. आपल्याला वाटतं बाभळीचा काटा भरला असेल, उडी मारताना पाय मुरगळला असेल. आधी तेच बघावं, ते बरोबरच आहे. पंजा उलटा करून बोटांच्या मध्ये बघा, नखं बघा. गोचीड तापानंही कुत्रं लंगडतं, तेही डॉक्टरांना विचारा. पण लंगडणं आठ-दहा दिवसांत गेलं नाही, किंवा गोळी दिली की थांबतंय आणि गोळी बंद केली की परत येतंय, आणि पायावर हाताला टणक लागणारी सूज दिसतेय, तर मग थांबू नका. एक्स-रे काढायला सांगा. तालुक्याच्या दवाखान्यात सोय नसेल तर डॉक्टर पुढं पाठवतात. आपल्याकडं शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, मुंबईत परळला आहे, तसंच नागपूर, परभणी, उदगीरलाही आहे. कुठं जायचं ते कळत नसेल तर १९६२ या फुकटच्या नंबरवर विचारा.

आता जे करू नये ते आधी सांगते, कारण नुकसान तिथंच होतं. पाय चोळू नका. गरम विटेचा शेक देऊ नका. बिब्बा घालू नका, चुना-गुळाचा लेप लावू नका, आणि डाग तर मुळीच देऊ नका. आतलं हाड रोगानं पोखरलेलं असतं, वाळवी लागलेल्या वाशासारखं. पाय बसवणाऱ्यानं एक हिसका दिला की ते तिथंच मोडतं. कधी कधी तर कुत्रं नुसतं ओट्यावरून उतरतं आणि पाय मोडतो. असं मोडलेलं हाड प्लास्टर घालून किंवा कामट्या बांधून जुळत नाही, कारण जुळायला निरोगी हाडच उरलेलं नसतं.

डॉक्टर सहसा पाय काढायचा पर्याय सांगतात. हे ऐकून बायका कानावर हात ठेवतात, पण तीन पायांचं कुत्रं बऱ्यापैकी चालतं, पळतंसुद्धा. बाकीचे तीन पाय धड असतील तर दुखणं मुळापासून काढायचा तोच खरा मार्ग आहे. रोग मात्र त्यानं संपत नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ दिसला तरी बहुतेक कुत्र्यांत रोगाचे बारीक कण आधीच फुप्फुसाकडं गेलेले असतात. पाय काढून कॅन्सरची सलाईन दिली तर साधारण दहा महिने ते वर्ष मिळतं. नुसता पाय काढला तर चार-पाच महिने. नुसत्या वेदनेच्या औषधांवर एक ते तीन महिने. एखादं कुत्रं जास्त जगतं, एखादं कमी. हे आकडे मी घाबरवायला सांगत नाही. आपल्या हातात किती दिवस आहेत ते कळलं, तर ते कसे घालवायचे ते ठरवता येतं.

आमच्या शेजारच्या मळ्यातला मोत्या याच रोगानं गेला. कारवानी संकरातला उंच कुत्रा, आठ वर्षांचा, मागच्या डाव्या पायाच्या गुडघ्यावर गाठ. उजवा पायही संधिवातानं धड नव्हता, म्हणून पाय काढायचा विषय डॉक्टरांनीच सोडून दिला. नऊ आठवडे त्याला घरी सांभाळलं, ते त्या घरच्या सुनेनं आणि तिच्या सासूबाईंनी. त्या दोघींनी केलं त्यातलं बरंचसं मी आज तुम्हाला सांगतेय.

पहिलं म्हणजे वेदना. कुत्रं दुखतंय म्हणून रडत नाही. रडलं तर समजा, दुखणं हाताबाहेर गेलंय. त्याआधीच्या खुणा बघायला शिका. थंड रात्रीही धापा टाकतं. एका जागी पडून राहत नाही, उठतं, फिरतं, परत बसतं. तीच एक जागा चाटत राहतं. निम्मी भाकरी टाकून देतं. आपण आलो तर शेपटी हलते, पण उठत नाही. पाय नेमका टेकतं की नुसता टेकल्यासारखं दाखवतं, ते बघा.

यावर औषध आहे. डॉक्टर मेलोक्सिकॅमसारखी सूज-वेदनेची गोळी देतात, आणि त्याच्या जोडीला नसांच्या वेदनेवरची गॅबापेन्टिनसारखी दुसरी. एकट्या गोळीनं भागत नाही, महिन्याभरात दुसरी जोडावी लागते, तेव्हा पुन्हा डॉक्टरांकडं जायला लाजू नका. डोस वजनावर ठरतो. चाळीस किलोचं कुत्रं उचलून कोण काट्यावर उभं राहणार? धान्याच्या दुकानातला मोठा काटा चालतो, मोत्याला तिथंच तोललं होतं. गोळी रिकाम्या पोटी देऊ नका. वेळ चुकवू नका, दुखायला लागल्यावर नाही, दुखायच्या आधी द्यायची असते.

आणि हे नीट ऐका. घरातली माणसांची गोळी देऊ नका. डोकेदुखीची, अंगदुखीची, ब्रुफेन, डायक्लोफिनॅक, काहीच नाही. माणसाच्या एका गोळीनं कुत्र्याच्या पोटात जखम होते, किडनी जाते. वेदनेची गोळी चालू असताना कुणी येऊन स्टिरॉईडचं इंजेक्शन देतो म्हणाला तर हात धरा. दोन्ही एकत्र झाली की पोटात रक्तस्राव होतो. डांबरासारखी काळी शी झाली, उलट्या झाल्या, खाणं बंद झालं, तर गोळी थांबवा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा.

आता अंथरूण. मोठ्या कुत्र्याचं सगळं वजन कोपरावर आणि मांडीच्या हाडावर येतं, तिथं चट्टे पडतात आणि पावसाळ्यात जखमेत किडे पडायला वेळ लागत नाही. खाली गोणपाट, त्यावर भुसा भरलेलं पोतं, वर जुनी वाकळ. उठता येत नसेल तर दर तीन-चार तासांनी कूस बदला, दुखरा पाय खाली येऊ देऊ नका. गुळगुळीत फरशी त्याच्या जिवावर उठते, पाय सरकला की संपलं. सारवलेली जमीन असेल तर उत्तम, फरशी असेल तर गोणपाटाची वाट करा, अंथरुणापासून बाहेरपर्यंत. पायरीवर फळी टाकून उतार करा. ओट्यावर, ट्रॉलीत, जीपमध्ये उडी मारू देऊ नका. पाण्याचं आणि जेवणाचं भांडं दोन विटांवर ठेवा, म्हणजे वाकायला लागत नाही.

उठवायला जुनं लुगडं घ्या. घडी घालून पट्टा करा, मागच्या पायांच्या पुढं पोटाखालून घ्या, दोन्ही टोकं वर धरा. आपण त्याला उचलायचं नाही, नुसता आधार द्यायचा. दोघी असल्या तर कंबर धरत नाही. मोत्याच्या घरी हे काम सकाळी सासूबाई आणि संध्याकाळी सून अशी वाटणी होती. सासूबाई म्हणायच्या, या लुगड्यात पोरांना झोका दिला, आता ह्याला. मोत्याची जागा त्यांनी गोठ्यातून हलवून पडवीत आणली, फाटक दिसेल अशी. गोठ्यात तो रात्रभर तळमळायचा. फाटक दिसायला लागल्यावर पडल्या पडल्या भुंकायचा आणि झोपायचा. औषधाच्या चिठ्ठीत असलं लिहिलेलं नसतं.

खायला मऊ द्या. पाण्यात किंवा बिनमसाल्याच्या रश्शात कुस्करलेली भाकरी, भात, उकडलेलं अंडं, बिनहाडाचं कोंबडीचं मटण. कांदा-लसूण घातलेला रस्सा नको, तो कुत्र्याला विषारी आहे. द्राक्षं आणि बेदाणेही नकोत. द्राक्षबागेत कुत्रं बांधणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा.

काही जणी विचारतात, हा रोग पोरांना लागेल का? नाही. चाटल्यानं, उष्ट्यानं, श्वासानं लागत नाही, दुसऱ्या कुत्र्यालाही नाही. कुत्र्यांच्या मागच्या भागावर रक्ताळलेली गाठ येते तो रोग वेगळा. तो कुत्र्याकडून कुत्र्याला जातो, माणसाला नाही, आणि इंजेक्शननं बराही होतो. पण हाडाच्या कॅन्सरच्या कुत्र्याजवळ पोरांना सोडू नका, ते दुसऱ्या कारणानं. दुखऱ्या पायाला धक्का लागला की सगळ्यात गरीब कुत्रंही चावतं. त्याची रेबीजची लस वेळेवर असू द्या. चावलंच, तर जखम पंधरा मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. घरचंच कुत्रं आहे म्हणून थांबू नका.

लोक बोलतात, ते वेगळंच. गटाच्या मीटिंगमध्ये कुणीतरी हसतंच की, कुत्र्याला कुठं औषधं करतात? माझं म्हणणं विचाराल तर, लांडगा वाड्यावर आला तेव्हा ज्यानं मेंढरं वाचवली त्याच्या गोळ्यांचा हिशेब मांडायला बसू नये. आणि कामाचा भार बाईवर पडतो तो नक्की पडतो. रात्री कोण उठणार, शी-शू कोण काढणार, हे पहिल्या आठवड्यातच घरात वाटून घ्या. पुरुषांनाही पाळी लावा.

आता अवघड भाग. गोळ्या पुरेनाशा होतात, तो दिवस येतो. तो ओळखायला त्या सुनेनं एक साधी गोष्ट केली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री खूण. खाल्लं, झोपला, शेपटी हलवली, तर टिकली. नाहीतर फुली. सातव्या आठवड्यापर्यंत टिकल्या होत्या. मग फुल्या वाढल्या. सासरे म्हणत होते, जाईल तेव्हा जाईल, आपण का पाप घ्यायचं. तिनं कॅलेंडर काढून त्यांच्यापुढं ठेवलं. म्हणाली, मामा, हे बघा, दहा दिवसांत टिकली नाही. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि स्वतःच डॉक्टरांना फोन लावला. जी रात्री उठते तिचं मत या निर्णयात पहिलं धरावं, असं मला वाटतं. गाठ खूप वाढली, श्वासाला धाप लागायला लागली किंवा पाय मोडला, तर मात्र कॅलेंडर बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

झोपेचं इंजेक्शन म्हणजे काय ते माहीत नसतं म्हणून भीती वाटते. डॉक्टर आधी गुंगी देतात. कुत्रं झोपलं की भुलीचं औषध जास्त मात्रेत शिरेतून देतात, आणि काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, एखादा खोल श्वास येतो, लघवी होते. ते दुखणं नसतं. डोक्याशी बसायचं असेल तर बसा, हाक मारा. हे काम फक्त डॉक्टरांचं. विष घालणं, काठीनं मारणं, घाटात नेऊन सोडून येणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे.

नंतर खड्डा खोल घ्या, निदान चार-पाच फूट, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब. कुत्र्याच्या अंगात भुलीचं औषध असतं. उघड्यावर टाकलं तर ते मांस खाणारी दुसरी कुत्री, कोल्हे, पक्षी मरतात. गुरांना डायक्लोफिनॅक दिल्यानं आपली गिधाडं कशी संपत आली आणि २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, ते आपण मागं एकदा बोललोच आहोत. उरलेल्या गोळ्या दुसऱ्या कुत्र्यासाठी ठेवून देऊ नका, दवाखान्यात परत द्या. वाकळ उकळत्या पाण्यात धुऊन उन्हात टाकली की ती पुन्हा वापरता येते.

घरातलं दुसरं कुत्रं दोन-चार दिवस जेवत नाही, त्या जागी जाऊन हुंगतं. त्याला हाकलू नका. पुढच्या मंगळवारी शेळ्यांच्या लाळ-खुरकतीच्या लसीबद्दल बोलू. नमस्कार.