शेवटच्या शेतापर्यंत पाणी



नाशिक जिल्ह्यातील ओझर गावी, वाघाड धरणाच्या कालव्याच्या अखेरच्या टोकाला, कागदोपत्री हक्क असूनही पाणी पुरेसे पोहोचत नसे.

अशा वेळी समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना संघटित केले, आणि १९९१ च्या सुमारास तेथे तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या.

या संस्थांचे काम कसे चालते?

संस्था सरकारकडून पाणी मोजून घेते.
सभासदांना ते पाळीने देते.
पाणीपट्टी वसूल करते.
आणि जमाखर्च सभेपुढे ठेवते.

पाळी आली की पाणी सोडणारा पाटकरी शेताकडे जाणाऱ्या चारीचे दार उघडतो. कोणाच्या शेतात किती तास पाणी गेले, याची नोंद होते, आणि तंटा उद्भवल्यास तीच नोंद पुरावा ठरते.

पुढे २००५ साली राज्याने अशा संस्थांविषयी कायदा केला. त्यानुसार संचालक मंडळात कालव्याचा शीर्ष, मध्य आणि पुच्छ, या तिन्ही भागांना प्रतिनिधित्व मिळते. कारण पुच्छभागातील शेतकऱ्याचा आवाज सभेत उमटला, तरच पाणी त्याच्या बांधापर्यंत येते.

श्रोतेहो, शेत असो, वसाहत असो वा गृहनिर्माण संस्था, ध्यानात ठेवण्याजोग्या गोष्टी तीनच.

पाणी मोजून घ्यावे.
हिशेब उघडा ठेवावा.
आणि शेवटच्या सभासदाचा हक्क सर्वांनी मिळून राखावा.