अब्बांची रिक्षा, मशिदीचे पंखे आणि आपले शहर

(पुण्यात तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज 'पर्यावरण' या विषयावर बोलायला सांगितले आहे. हा शब्द कानावर पडला की पोरे हळूच मोबाईल बाहेर काढतात, हे मला माहीत आहे. रोप लावायचे, फोटो काढायचा आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लावायचे, एवढेच पर्यावरण आपण पाहिलेले असते. म्हणून मी झाडांबद्दल बोलणार नाही. माझ्या अब्बांच्या रिक्षाबद्दल, एका मशिदीच्या पंख्यांबद्दल आणि तुमच्या घरच्या वीजबिलाबद्दल बोलणार आहे.

माझे अब्बा याच शहरात रिक्षा चालवत. जुनी टू-स्ट्रोक रिक्षा, पेट्रोलमध्ये ऑइल टाकून चालणारी. रात्री घरी आले की शर्टाची कॉलर काळी झालेली असायची. अम्मी तो शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची, कारण त्याचा रंग बाकीच्या कपड्यांना लागे. कॉलरवर दिसणारा धूर अब्बांच्या छातीतही जात होता. पण ते आम्हाला कळायला खूप वर्षे लागली. खोकला हा आमच्या घरात धंद्याचा भाग समजला जाई.

मग सीएनजी आला. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सार्वजनिक वाहने सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला होता. त्यानंतर हळूहळू इतर शहरांतही ते वारे पोहोचले. पुण्यात महापालिकेने रिक्षांना सीएनजी किट बसवण्यासाठी अनुदान दिले. अब्बांचा मात्र विरोध होता. पंप मोजके, रांग लांब, रांगेत गेलेल्या तासांचे भाडे बुडणार, वर किटसाठी पैसे उभे करायचे. त्यांची तक्रार चुकीची नव्हती. अब्बा मध्यरात्री उठून रांगेत गाडी लावायचे आणि तिथेच मागच्या सीटवर झोपायचे. पण वर्षभरात दोन गोष्टी झाल्या. इंधनाचा खर्च कमी झाला आणि शर्ट एका बादलीत धुवायला लागले. फरक सगळ्यात आधी अम्मीने ओळखला.

या गोष्टीतून मी दोन धडे घेतले. पहिला असा, की हवेबद्दलचा निर्णय हा थेट आपल्या घरातल्या माणसाच्या फुप्फुसाबद्दलचा निर्णय असतो. दुसरा असा, की बदलाचा फायदा सगळ्या शहराला मिळतो, पण त्याचा पहिला हप्ता गरीब माणूस भरतो. हे दोन्ही धडे एकत्र लक्षात ठेवले पाहिजेत. पहिला विसरला तर आपण प्रत्येक बदलाला विरोध करत बसतो. दुसरा विसरला तर बदल आपल्या अंगावरून निघून जातो.

आता आजच्या पुण्याकडे पाहू. २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिच्या ताफ्यात पहिल्या २५ इलेक्ट्रिक बस आल्या. नंतर ही संख्या वाढत गेली. बाकीच्या बहुतेक बस सीएनजीवर आहेत. २०२१ मध्ये मध्यवर्ती पेठांसाठी 'पुण्यदशम' सुरू झाली, दहा रुपयांत दिवसभर प्रवास. मार्च २०२२ मध्ये मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला. ज्या 'चेतक'वर आपल्या मामा-चाचांनी अख्खे कुटुंब फिरवले, ती चेतक २०२० मध्ये विजेवर परत आली आणि विक्री सुरू झालेल्या पहिल्या दोन शहरांत आपले पुणे होते.

खर्चाचा साधा हिशेब करू. पेट्रोलची स्कूटर शंभर किलोमीटरला साधारण दोन लिटर पेट्रोल खाते, म्हणजे दोनशे रुपयांच्या वर. विजेची स्कूटर तेवढ्याच अंतराला सुमारे तीन युनिट घेते. युनिटला दहा रुपये धरले तरी तीस रुपये. घरोघरी पार्सल पोहोचवणारा मुलगा रोज शंभर किलोमीटर हिंडतो. त्याच्यासाठी हा फरक महिन्याला चार-साडेचार हजारांचा आहे.

इथे कोणीतरी नक्की विचारते, "मॅडम, ती वीज तरी कुठून येते? चंद्रपूरच्या कोळशातूनच ना?" प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळशातूनच येते. त्याचाही हिशेब करू. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. दोन लिटरला साडेचार किलोच्या आसपास. आपल्याकडच्या एका युनिट विजेमागे साधारण पाऊण किलो निघतो. तीन युनिटला सव्वादोन किलो. म्हणजे कोळशाची वीज वापरूनही निम्म्यावर येतो. शिवाय सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या शाळकरी मुलाच्या तोंडावर धूर जात नाही. पण चंद्रपूरच्या माणसाच्या तोंडावर जातो, हेही विसरू नका. म्हणून गाडी बदलण्याइतकेच वीज वाचवणे महत्त्वाचे आहे. त्याकडे मी येणारच आहे.

त्याआधी अब्बांचा पहिल्या हप्त्याचा प्रश्न. सरकारने सवलती दिल्या आहेत. विजेवरच्या वाहनांवर २०१९ पासून जीएसटी पाच टक्के आहे. केंद्राने २०१८ मध्ये विजेवरच्या व्यावसायिक वाहनांना परमिटच्या अटीतून सूट दिली. पण ज्याचे पगारपत्रक नाही, ज्याच्या नावावर घर नाही, त्याला बँक कर्ज देताना दहा वेळा विचार करते. मग तो खासगी सावकाराकडे किंवा चढ्या व्याजाच्या फायनान्सकडे जातो आणि इंधनात वाचलेले व्याजात घालवतो. आणि गाडी घेतली तरी चार्ज कुठे करायची? भाड्याच्या खोलीत मीटर मालकाच्या नावावर. चौथ्या मजल्यावरून खिडकीतून वायर सोडून चार्जिंग करणारे मी आपल्याच वस्तीत पाहिले आहेत. मी वीज क्षेत्रात काम करते, म्हणून हात जोडून सांगते, हे करू नका. त्या वायरने इमारत पेटू शकते.

दुसरा प्रश्न कामाचा. आपल्या समाजातली किती मुले गॅरेजमध्ये आहेत, याचा विचार करा. कार्बोरेटर, क्लच, सायलेन्सर, ऑइल बदलणे यावर त्यांचे घर चालते. विजेच्या गाडीत यातले जवळपास काहीच नसते. दहा-पंधरा वर्षांनी या मुलांनी काय करायचे? रडून उपयोग नाही आणि 'असे काही होणार नाही' म्हणूनही उपयोग नाही. आयटीआयमध्ये आता 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तिथे मोटर, कंट्रोलर, बॅटरी आणि जास्त व्होल्टेजवर सुरक्षितपणे कसे काम करायचे, हे शिकवतात. आपल्या वस्तीतल्या दहावी झालेल्या प्रत्येक मुलाला ही माहिती मिळाली पाहिजे. मुलीलाही मिळाली पाहिजे, कारण मल्टीमीटर धरणारा हात बाईचा की पुरुषाचा, हे मल्टीमीटरला कळत नाही. भंगाराच्या धंद्यातल्यांनीही सावध व्हावे. बॅटरीच्या कचऱ्यासाठी २०२२ चे नियम आहेत. लिथियमची बॅटरी हातोड्याने फोडायची वस्तू नव्हे.

तिसरी गोष्ट, सगळ्यांनी विजेची स्कूटर घेतली की शहर सुधारले, असे समजू नका. धूर कमी होईल, पण कोंडी तशीच राहील. एका बसमध्ये चाळीस-पन्नास माणसे बसतात. घरकाम करणारी खाला, कॉलेजला जाणारी मुलगी, दवाखान्यात जाणारी दादी, यांच्याकडे स्कूटर नाहीच. त्यांच्यासाठी हरित वाहन म्हणजे वेळेवर येणारी बस. आणि बस विजेची असली की काम संपले, असेही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्यात विजेवरची बस गर्दीत घुसली, माणसे मेली आणि चालकांच्या प्रशिक्षणाचा, कंत्राटी व्यवस्थेचा प्रश्न सगळ्यांसमोर आला. गाडी नवी आणि ती चालवणाऱ्या माणसाकडे मात्र दुर्लक्ष, असे हरित धोरण अर्धेच असते.

आता मशिदीचे पंखे. दोन वर्षांपूर्वी मी एका मशिदीला म्हटले, तुमच्या विजेच्या वापराची तपासणी फुकट करून देते. ठरलेल्या वेळी गेले. विश्वस्तांनी विचारले, "इंजिनिअर साहेब कधी येणार?" मी म्हणाले, "आले आहे." थोडी कुजबुज झाली. शेवटी जोहर आणि असर यांच्या मधल्या वेळेत मला आत जाऊ दिले. त्या मशिदीत मी पहिल्यांदा पाऊल ठेवले ते पंखे मोजायला! असो, त्यावर कधीतरी वेगळे बोलू.

पंखे होते चाळीस. जुन्या पद्धतीचे, प्रत्येकी सुमारे ७५ वॅटचे. हल्ली मिळणारा बीएलडीसी पंखा तीसेक वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. एका पंख्यामागे ४५ वॅट, चाळीस पंख्यांमागे १,८०० वॅट. दिवसाला पाच तास धरले तर नऊ युनिट, महिन्याला २७०. थंडीचे तीन महिने सोडले तर वर्षाला २,४०० युनिटच्या वर, म्हणजे दहा रुपयांच्या दराने चोवीस हजार रुपये. सगळे पंखे एकदम बदला, असे मी म्हणाले नाही. जो जळेल, त्याच्या जागी नवा लावा. तसे केले तर वरचा खर्च पंख्यामागे दीड हजाराच्या आसपास येतो आणि तो अडीच वर्षांत वसूल होतो.

पण खरी गंमत पुढे आहे. फजरला नमाजी येतात दोन सफी आणि फिरतात चाळीसही पंखे, कारण सगळ्यांची बटणे चार आणि चारही एकदम दाबायची सवय! मी सांगितले, प्रत्येक सफीचे बटण वेगळे करा. वायरमनचे दोन दिवसांचे काम. विश्वस्तांनी तेवढे केले आणि पुढच्याच बिलात फरक दिसला. मग त्यांनीच मला फोन केला. या वेळी 'साहेब' म्हणाले नाहीत, 'बेटी' म्हणाले. वाचलेल्या पैशांतून मोहल्ल्यातल्या मुला-मुलींसाठी अभ्यासिका चालवा, असे मी सुचवले आहे. मुलींच्या वेळेवर अजून चर्चा चालू आहे. मी पाठ सोडलेली नाही.

'इस्राफ' म्हणजे उधळपट्टी वाईट, हे आपण जुम्म्याच्या बयानात लहानपणापासून ऐकतो. पण तो शब्द आपण ताटातल्या भातापुरता ठेवला. रिकाम्या सफीवर फिरणारा पंखा, वजूखान्यातला गळका नळ आणि त्यासाठी पुन्हा पुन्हा चालणारी मोटर, दिवसाही जळणारा जिन्यातला दिवा हाही इस्राफच. चंद्रपूरचा धूर इथूनही कमी होतो.

आणि आपले छत. पीएम सूर्य घर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. घराच्या छतावर सोलर बसवायला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट किंवा अधिकसाठी एकूण ७८,००० रुपये केंद्राचे अनुदान मिळते. गृहनिर्माण सोसायट्यांना लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे, गाड्यांचे चार्जिंग अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये. आपल्याकडे एक किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिट देतो. महापालिका सोलर वापरणाऱ्यांना मिळकतकरात सवलतही देते. हे अनुदान घरांसाठी आहे. मशीद किंवा मदरशाला ते लागू नाही, पण स्वतःच्या खर्चाने नेट मीटरिंगसह सोलर बसवायला त्यांना आडकाठी नाही.

अडचण अशी, की आपल्या भागातल्या कितीतरी इमारतींत सोसायटीची नोंदणीच झालेली नाही. वीस वर्षे माणसे राहतात, पण कागदावर सोसायटी नाही. मग अनुदानाचा अर्ज करायचा कोणी? म्हणून सोलरचे पहिले काम छतावर नसून कागदावर आहे. तुमच्या इमारतीत कायदा शिकणारा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. त्यांना हे काम द्या.

शेवटी, इथून जाताना तीन कामे घेऊन जा.

पहिले, घरचे वीजबिल वाचा. किती युनिट, कोणत्या टप्प्यात, मागच्या वर्षी याच महिन्यात किती. बिल भरतात अब्बा आणि वीज वापरतात सगळे, त्यामुळे ते कोणीच वाचत नाही.

दुसरे, तुमच्या थांब्यावर सकाळी दोन तास वही घेऊन उभे राहा. किती बस आल्या, किती भरून न थांबता गेल्या, किती बायका ताटकळल्या, ते लिहा. आठवडाभर लिहा. 'आमच्याकडे बस येत नाही' ही तक्रार कोणीही झटकतो. तारीख-वेळेसह लिहिलेली वही झटकणे अवघड असते.

तिसरे, पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागवते. आपल्या प्रभागातून असे किती अर्ज जातात, ते विचारा. बसथांब्याला छप्पर, चालायला पदपथ, रस्त्यावर दिवे, हे मागायला आंदोलन लागत नाही, अर्ज लागतो. अर्ज नाकारला, तर आंदोलन आहेच.

अब्बा आता रिक्षा चालवत नाहीत. परवा मी त्यांना विजेच्या रिक्षातून दवाखान्यात नेले. आवाज नाही, धूर नाही. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी चालवणाऱ्या मुलाला पहिला प्रश्न विचारला, "बेटा, हप्ता किती बसतो?"

हवा स्वच्छ करायला निघालेल्या प्रत्येक शहराने हा प्रश्न विचारला पाहिजे. शहर विचारत नसेल, तर तो तुम्ही विचारायचा आहे.