साष्टीच्या रयतेला विचारले कोणी?

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड म्हणजे जुनी साष्टी. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने ती फिरंग्यांस देऊन टाकली. १७३७ त मराठ्यांनी जिंकली, १७७४ त इंग्रजांनी बळकावली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. शेत आगऱ्याचे, होडी कोळ्याची. सही मात्र दुसऱ्याचीच!

जानेवारी १९५६ त दिल्लीनेही मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे परस्पर जाहीर केले. पण या खेपेस रयत गप्प बसली नाही. फ्लोरा फाउंटनवर २१ नोव्हेंबर १९५५ रोजीच गोळ्या चालल्या होत्या. पुण्यास संयुक्त महाराष्ट्र समिती निघाली, त्या सभेचे अध्यक्ष आपले केशवराव जेधे. शंभरावर माणसे पडली, तेव्हा कुठे १ मे १९६० उजाडला.

तहांच्या सनावळ्या आम्ही पोरांकडून घोकून घेतो. हुतात्म्यांची नावे किती येतात, ते उद्या वर्गात विचारणार आहोत.